गल्लीत गर्दी तर नव्हती ना?

म्हस्केभाऊ भित्रे होते, हे मी आधीच सांगून टाकतो. पुढं जे घडलं त्यावरून त्यांना शूर ठरवायची आमच्या काही जुन्या सोबत्यांना फार हौस आहे. कुणाच्या निरोप समारंभात चार माणसं जमली की कुणीतरी छाती पुढं काढून म्हणतं, “म्हस्के म्हणजे वाघ होता वाघ!” बरीच वर्षं मी त्यांच्या शेजारच्या प्रेसवर काम केलं आहे. वाघ कसला? मांजर आडवं गेलं तर सायकल वळवून लांबच्या रस्त्यानं कामावर येणारा माणूस तो. मी स्वतःही काही फार धीट नाही, पण म्हस्केभाऊंच्या शेजारी उभा राहिलो की मला आपण बरेच धीट आहोत असं वाटायचं, आणि खरं सांगायचं तर त्यामुळंही मला ते आवडायचे.

दिसायला मात्र उलटा प्रकार. वेरूळच्या पलीकडच्या एका गावातलं शेतकऱ्याचं घर, उंचापुरा देह, हवालदारासारखी मिशी. नवा माणूस त्यांना बघूनच दबकायचा. मग फोरमन नुसता खोकला तरी हा एवढा मोठा माणूस दचकून इकडंतिकडं बघायला लागायचा आणि नव्या माणसाचा जीव भांड्यात पडायचा. पाल, कुत्रं, पोस्टमन, वीज, साहेबाच्या केबिनचं दार, या सगळ्यांना ते भ्यायचे. घराला कुलूप लावलं की चार पावलं चालून परत येऊन ओढून बघायचे. कँटीनमध्ये नेहमी भिंतीला पाठ लावून बसायचे. काहीही विचारा, उत्तराच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं असे, “काय व्हायला नको म्हंजे झालं.”

चिकलठाण्याच्या एमआयडीसीत आमची कंपनी होती. स्कूटरचे पत्र्याचे भाग आम्ही प्रेसवर दाबून काढायचो. पत्रा सरकवायचा, हात मागं घ्यायचे, पायानं पेडल दाबायचं, की वरून साचा धाडकन खाली. हात मागं घ्यायला क्षणभर उशीर झाला तर बोटं गेली. त्यामुळं आमच्याकडं कुणी नवा भेटला की आधी त्याचे हात बघायचे आणि मग तोंड, अशी सवयच लागली होती. म्हस्केभाऊंची बोटं सगळी जागेवर होती. दर वेळी ते दोन्ही हात थेट छातीपर्यंत मागं ओढायचे आणि मगच पेडलवर पाय ठेवायचे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, माणूस मशीनला नमस्कार घालतोय. आम्ही चेष्टा करायचो. ते हसायचे, पण हात मागं ओढायचे राहायचे नाहीत.

या सगळ्या भीतींच्या वर एक मोठी भीती होती. त्यांच्या बायकोला, सुमनवहिनींना, फेफरं यायचं. कधी यायचं त्याचा नेम नसे. महिनोन्‌महिने काही नाही, आणि मग एखाद्या आठवड्यात लागोपाठ. लेक लग्न होऊन जालन्याला गेलेली, त्यामुळं पुंडलिकनगरातल्या दोन खोल्यांत वहिनी दिवसभर एकट्या. म्हस्केभाऊ पहिल्या पाळीला. दुपारी सुट्टीचा भोंगा व्हायच्या सुमाराला दुसऱ्या पाळीची माणसं गेटमधून आत यायला लागायची. तेव्हा हे पाणी प्यायच्या निमित्तानं गेटाकडं जायचे आणि पुंडलिकनगरच्या बाजूनं येणाऱ्या कुणालाही गाठून विचारायचे, “आमच्या गल्लीत गर्दी तर नव्हती ना?”

गर्दी म्हणजे काहीतरी झालं. गर्दी नाही म्हणजे अजून काही झालेलं नाही. एवढाच हिशोब. विचारलेला माणूस त्यांच्या गल्लीवरून आलेला असो वा नसो, “नव्हती भाऊ, समदं शांत हाय,” असं म्हणायची सगळ्यांना सवय झाली होती. ते ऐकलं की त्यांच्या तोंडावर जे समाधान यायचं ते बघण्यासारखं असायचं. सुट्टी झाली की साबणानं हात धुवायलासुद्धा थांबायचे नाहीत. तेलकट हातांनीच सायकल काढायचे.

आणि जिच्यासाठी हा सगळा जीव टांगलेला, ती बाई मात्र कशाला म्हणून भ्यायची नाही. ठेंगणी, गोरी, सारखी हसणारी. मी घरी गेलो की चहा टाकता टाकता म्हणायच्या, “भाऊजी, ह्यांना जरा समजावा. मला फेफरं येतं तर मला कायबी कळत नाय. उठले की पदर झटकायचा न्‌ कामाला लागायचं. लई हाल ह्यांचेच हायेत. हे बिनफेफऱ्याचे रोज पडायलेत.”

म्हस्केभाऊ बाजूला बसून स्टोव्हकडं बघत असायचे. वहिनी स्टोव्हच्या फार जवळ वाकल्या की त्यांचा हात आपोआप पुढं यायचा.

असं चाललेलं असताना आम्हांला बढती मिळाली.

कामगारांच्या नेमणुका-बदल्या बघणाऱ्या पर्सनल साहेबांनी जुन्या जुन्या ऑपरेटरांना केबिनमध्ये बोलावलं. साहेब पुण्याचे, बोलायला गोड. प्रत्येकाच्या हातात एक पत्र आणि एक आकाशी शर्ट दिला. कामगारांचे शर्ट खाकी असत, आकाशी रंग स्टाफचा. साहेब म्हणाले, “आजपासून तुम्ही कामगार नाही. तुम्ही सुपरवायझर आहात. मॅनेजमेंटचा भाग आहात.”

आमच्यातले सलीमभाई तोंडाला येईल ते बोलणारे. त्यांनी विचारलं, “साब, मॅनेज किसकू करना?”

सगळे हसले. साहेब हसले नाहीत.

प्रश्न बरोबरच होता. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच प्रेससमोर उभे होतो, तोच पत्रा, तोच साचा. हाताखाली चिटपाखरूसुद्धा नाही. फरक इतकाच, की प्रत्येक प्रेसशेजारी एक लोखंडी खुर्ची आणून ठेवलेली होती. सुपरवायझरला खुर्ची पाहिजे ना! आता प्रेस काही बसून चालवता येत नाही, त्यामुळं त्या खुर्चीवर कधीच कुणी बसलं नाही. आम्ही तिच्यावर डबे ठेवायचो. म्हस्केभाऊ तेही करायचे नाहीत. साहेबानं दिलेल्या खुर्चीवर भाकरीचा डबा ठेवला तर साहेबाला राग येईल, या भीतीनं ते डबा जमिनीवर ठेवायचे आणि खुर्ची रोज सकाळी फडक्यानं पुसायचे.

तरी घरोघरी पेढे वाटले गेले. खोटं कशाला बोलू, माझ्याही घरी वाटले. पुंडलिकनगरात आम्ही एकदम ‘साहेब’ झालो. पगारात थोडी वाढही होती. खरी गोम कळायला पहिला उशिराचा दिवस उजाडावा लागला.

कामगार असताना पाळी संपली की आम्ही मोकळे असायचो. साहेबांना जास्त काम हवं असेल तर विचारायला लागायचं, थांबलो तर दुप्पट दरानं ओव्हरटाइम द्यायला लागायचा, आणि घरी अडचण असेल तर नाही म्हणता यायचं. म्हस्केभाऊ कायम नाही म्हणायचे. म्हणजे तोंडानं नाही, ते नुसते दिसेनासे व्हायचे. आता भोंगा झाला आणि आम्ही निघालो, तर साहेब दारात उभे. “कुठं निघालात? अहो, सुपरवायझरला पाळी नसते, जबाबदारी असते.” ओव्हरटाइमचं नावही काढायचं नाही, कारण तो कामगारांना. आणि नाही म्हणायचा प्रश्नच नाही, कारण आम्ही मॅनेजमेंटचा भाग. खाकी शर्टवाले आमच्यासमोरून हात धुऊन घरी जायचे आणि आम्ही आकाशी शर्ट घालून दिवे लागेपर्यंत पत्रा सरकवत राहायचो. साहेबांनी एकही माणूस न वाढवता अर्धी जास्तीची पाळी फुकटात मिळवली होती.

बाकीच्यांना पैशांचं दुःख होतं. म्हस्केभाऊंना वेळाचं. भोंगा होऊन गेला की त्यांचं काम बघवत नसे. प्रत्येक खेपेला हात छातीशी ओढायचे आणि त्याच वेळी मान गेटाकडं वळायची. मला धास्ती वाटायची, की हा माणूस आता एखाद दिवशी बोटं घालवणार. प्रेससमोर उभं राहून दुसरीकडं बघणं म्हणजे काय, ते प्रेसवर काम केलेल्यालाच कळेल. मी ओरडायचो, “भाऊ, समोर बघा!” ते समोर बघायचे, आणि पुटपुटायचे, “काय व्हायला नको म्हंजे झालं.”

एका दुपारी ट्रक भरायचा होता म्हणून आम्हांला थांबवलं. मध्यंतरी वॉचमन ऑफिसात जाऊन आलेला मला दिसला, पण तिकडं कुणी लक्ष दिलं नाही. ट्रक हलला, आणि मग साहेबांच्या माणसानं म्हस्केभाऊंना सांगितलं की घरून फोन आला होता, जरा जाऊन या. कधी आला होता ते त्यानं सांगितलं नाही. मी त्यांच्या मागोमाग सायकल काढली. मला ते पुढं दिसत होते. एवढा मोठा माणूस सायकलवर उभा राहून पेडल मारत होता आणि मोठ्यामोठ्यानं काहीतरी बोलत होता. काय ते ऐकू येत नव्हतं.

त्या दिवशी गल्लीत गर्दी होती.

वहिनी चहा ठेवताना पेटत्या स्टोव्हवर पडल्या होत्या. शेजारणीनं पदराला लागलेली आग घोंगडी टाकून विझवली होती, पण मनगटापासून कोपरापर्यंत हात भाजला होता. रिक्षातून दवाखान्यात नेऊन आणूनही झालं होतं. पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन वहिनी खाटेवर बसलेल्या होत्या आणि गर्दीतल्या बायकांना चहा द्या म्हणून शेजारणीला सांगत होत्या. नवऱ्याला बघून म्हणाल्या, “या. मेले नाय अजून. जरा हात धुवा तरी.”

म्हस्केभाऊ दारातच खाली बसले. चौकटीला धरून रडले, सगळ्या गल्लीसमोर. मला लाज वाटली नाही. मला भीती वाटली. माझ्याही घरी म्हातारी आई होती, आणि त्या दारात मला माझं दार दिसत होतं.

त्यानंतर काही दिवसांनी त्यांनी मला कँटीनच्या कोपऱ्यात ओढलं आणि कुजबुजले, “गायके, सलीमभाई त्या उस्मानपुऱ्यातल्या वकिलाचं बोलायलेत ना? मला घेऊन चल. पन पायी जाऊ. सायकली वळखतेत लोक.”

उस्मानपुऱ्यात एका किराणा दुकानाच्या वर वकीलसाहेबांचं ऑफिस होतं. वयस्कर गृहस्थ, त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कुणी ना कुणी कचेरीत लिहीत आलेलं. त्यांनी आमची पत्रं वाचली आणि बाजूला ठेवून दिली. म्हणाले, “यात काय लिहिलंय त्याला फारशी किंमत नाही. कंपनी तुम्हांला सुपरवायझर म्हणो नाहीतर राजे म्हणो. कायदा विचारतो, दिवसभर तुमचे हात काय करतात? हात मशीनवर असतील तर तुम्ही कामगार. मग पाळी संपली की घरी जायचा हक्क तुमचा, आणि थांबवलं तर दुप्पट मोबदलाही तुमचा.”

म्हस्केभाऊंनी हळूच आपले हात टेबलाखाली घेतले. त्यांना वाटलं, वकील आता ते तपासणार.

अर्ज आमच्या सगळ्यांचा मिळून झाला. पण साक्षीला एक माणूस उभा करायचा होता, ज्याच्या तोंडून सगळ्यांचं म्हणणं यावं. आम्ही सलीमभाईंचं नाव पुढं केलं. वकीलसाहेबांनी सगळ्यांशी थोडं थोडं बोलून म्हस्केभाऊंना निवडलं. आम्ही हबकलो. मी म्हणालो, “साहेब, हे चळाचळा कापतील.”

“कापू देत,” ते म्हणाले. “खोटं बोलायला जे धाडस लागतं, ते ह्यांच्याकडं नाही. न्यायाधीशांना ते दिसेल.”

कंपनीला अर्जाची नोटीस गेली आणि आमचे दिवस वाईट आले. उघड कुणी काही बोलत नव्हतं, हेच वाईट. आम्ही आत शिरलो की ऑफिसातली माणसं बोलायची थांबायची. एक दिवस पर्सनल साहेबांनी म्हस्केभाऊंना केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. वहिनींच्या हाताची चौकशी केली. मग म्हणाले, “म्हस्के, बडोद्याच्या डेपोला एक अनुभवी सुपरवायझर हवाय. कामगाराची बदली करता येत नाही हो, पण सुपरवायझरची कुठंही होते. मनात तुमचंच नाव आलं.”

बाहेर आले तेव्हा म्हस्केभाऊंच्या ओठांना रंग नव्हता. चहा साहेबांच्या काचेच्या टेबलावर सांडला होता, तो त्यांनी स्वतःच्या रुमालानं पुसला, आणि पुसताना पुन्हा सांडला. मला म्हणाले, “बडोदं लई लांब आसंल का रे? तिथनं सांजच्याला घरी येता येतं का?”

मला माझी म्हातारी आई आठवली. आज यांना बडोदं, उद्या मला.

साक्षीच्या दिवशी सकाळी मी त्यांना न्यायला गेलो, तर ते आंघोळ करून तयार होते, पण बाजेवरून उठत नव्हते. ताप आहे म्हणाले. वहिनींनी कपाळाला हात लावला. “कायचा ताप? गार पडलेत, बेडकावानी.” मग समोर बसून त्या पहिल्यांदाच न हसता बोलल्या, “आवं, तुमी न्हाई बोलला तर रोजच दिवे लागल्यावर येनार. बोलला तर एकदाच भ्यायचं हाय. उठा.”

ते उठले. दाराला कडी लावलेली नसताना, वहिनी घरात असताना, त्यांनी चार पावलं चालून मागं येऊन दार ओढून बघितलं.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात त्यांनी समोरचा कठडा दोन्ही हातांनी असा घट्ट धरला की बोटं पांढरी पडली. आवाज इतका बारीक, की न्यायाधीशांना दोनदा सांगावं लागलं, “जरा मोठ्यानं बोला.” आमच्या वकिलांनी विचारलं तेवढं त्यांनी जेमतेम सांगितलं. मग कंपनीचे वकील उठले. त्यांनी एक फोटो पुढं केला.

खंडेनवमीचा फोटो होता. दरवर्षी खंडेनवमीला खाकी शर्टवाले आपापल्या मशीनची पूजा करायचे. आम्ही आकाशी झाल्यावर मात्र साहेबांचा हुकूम आला, की सुपरवायझरांनी पूजा ऑफिसात करायची. सतरंजीवर बसून, समोर फायली, पेन आणि टाइपरायटर मांडून. फोटोग्राफरही बोलावला होता. तेव्हा आम्हांला तो मान वाटला. तो फोटो कशासाठी काढला होता, ते मला त्या दिवशी कोर्टात कळलं.

“हे तुम्हीच ना?”

“व्हय साहेब.”

“कशाची पूजा करताय?”

“पेनाची.”

“खंडेनवमीला माणूस कशाची पूजा करतो?”

“ज्याच्यावर पोट हाय त्येची.”

“म्हणजे तुमचं पोट पेनावर आहे. लिहिण्यावर, देखरेखीवर. बरोबर?”

म्हस्केभाऊ फोटोकडंच बघत राहिले. पंखा फिरत होता. आमच्या वकिलांनी मान वर केली नाही. मी मनात म्हटलं, संपलं, आता जन्मभर दिवे लागेपर्यंत.

“उत्तर द्या. पूजा केली की नाही?”

“केली साहेब. पन ती लागली नाय.”

“लागली नाही म्हणजे?”

“म्हंजे... शपथ घेतलीय म्हनून सांगतो. ती साहेबानं सांगितली म्हनून केली. आपली पूजा म्या नंतर केली. प्रेसची. समदे जेवायला गेल्यावर.”

आम्हांलाही हे माहीत नव्हतं. न्यायाधीशांनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्यांनीच विचारलं, “कशी केली?”

“हळद-कुंकू घरून पुडीत नेलं व्हतं. प्रेसच्या पाठीमागं लावलं, पुढून दिसू नये म्हनून. उदबत्ती लावली नाय, वास येतो. नारळ आपटला तर आवाज व्हईल, म्हनून व्हाइसमंदी धरून आवळला. चिरला की पानी वाटीत घेतलं न्‌ शिंपडलं.”

कोर्टात हसू फुटलं. नारळ शिकंज्यात आवळून फोडणारा भक्त तिथं कुणी पाहिला नसावा. कंपनीचे वकीलही हसले आणि म्हणाले, “हे सगळं आत्ता रचलंत. कुणी पाहिलं?”

म्हस्केभाऊंनी कठड्यावरचा एक हात मोठ्या कष्टानं सोडवला आणि मागं बसलेल्या सलीमभाईंकडं बोट केलं. “ह्यांनी. कोनी येतंय का बगायला दारात उभे व्हते.”

सलीमभाई न विचारता उठून उभे राहिले. “खोपरा भी खाया साब मैं.” न्यायाधीशांनी त्यांना खाली बसायला सांगितलं.

मग त्यांनी म्हस्केभाऊंना विचारलं, “साहेबांनी नको म्हटल्यावर चोरून कशाला केली?”

म्हस्केभाऊंनी सोडवलेला हात परत कठड्यावर ठेवला. घाम मिशीवरून खाली येत होता. ते म्हणाले, “भ्या वाटतं साहेब. पेनाची पूजा साहेबाच्या भ्यानं केली, न्‌ मशीनची मशीनच्या भ्यानं. रोज तिच्या तोंडात हात घालायचा आसतो. मशीन बोटं घेतं साहेब. पेन काय घेतो?”

कुणी हसलं नाही. न्यायाधीशांनी खाली ठेवलेलं पेन उचललं आणि लिहायला लागले. कंपनीच्या वकिलांनी फोटो परत फायलीत ठेवला.

बाहेर आल्यावर आम्ही सगळ्यांनी त्यांना घेरलं. सलीमभाई तर मिठी मारायला धावले. म्हस्केभाऊ आम्हांला बाजूला सारून कडुलिंबाच्या झाडामागं गेले आणि भडाभडा ओकले. तोंड पुसून आले ते थेट माझ्याकडं. “लई बोललो का रे? बदली करतेत का आता?”

बदली झाली नाही. प्रकरण कोर्टात असताना कंपनीला ते अवघड होतं, हे वकीलसाहेबांनी दहादा सांगितलं. म्हस्केभाऊंना ते पटलं नाही. पोस्टमन दिसला की प्रेसमागं जायचे. निकाल लांबत गेला. तारखा पडत राहिल्या. आम्ही आकाशी शर्टातच थांबत राहिलो, आणि गेटावर तोच प्रश्न रोज ऐकू येत राहिला.

उन्हाळ्यात सुमनवहिनींना कावीळ झाली. आधी अंगावर काढली, मग ती वाढत गेली. एका सुट्टीच्या सकाळी त्या गेल्या. म्हस्केभाऊ घरीच होते, शेजारी बसून चमच्यानं उसाचा रस पाजत होते. इतकी वर्षं हा माणूस ज्याला भ्याला, की आपण तिकडं अडकलेले असू आणि इकडं ती एकटी पडेल, तसं काहीच झालं नाही. फेफरं नाही, स्टोव्ह नाही, उशीर नाही. मला याचा राग आला. अजूनही येतो. कुणावर, ते सांगता येत नाही.

त्यानंतर ते गेटावर गेले नाहीत. दुसऱ्या पाळीची माणसं आत येताना आपोआप त्यांच्या बाजूला बघायची, एकदोघं तर सवयीनं “समदं शांत हाय” म्हणून गेले आणि मग जीभ चावली. भोंगा झाला तरी त्यांची मान वळायची नाही. साहेब जेवढं म्हणतील तेवढं थांबायचे. साहेब खूश होते. “म्हस्के आता सेटल झाले,” असं एकदा ते कुणाला तरी म्हणालेले मी ऐकलं.

आणि मग निकाल आला. आम्ही कामगार होतो. पहिल्यापासून कामगारच होतो. पेढे पुन्हा वाटले गेले, या खेपेला उलट्या बढतीचे.

म्हस्केभाऊ त्यानंतर फार दिवस नोकरीत राहिले नाहीत. गावाकडं गेले, आणि पुढं काही वर्षांनी तिकडंच वारल्याचं कळलं. पण माझ्या डोळ्यांसमोर ते येतात ते निकालाच्या दुसऱ्या दिवशीचे.

दुपारचा भोंगा झाला. ट्रक उभा होता. पर्सनल साहेब स्वतः शॉपमध्ये, आमच्या प्रेसपाशी आले. आवाज नेहमीसारखाच गोड. कंपनी वर अपील करणार आहे, तोवर संबंध बिघडवायला नकोत, आजचा दिवस सगळ्यांनी थोडं थांबावं. काल पेढे खाणारे आम्ही सगळे खाली बघायला लागलो. कागदावर जिंकणं वेगळं आणि साहेब समोर उभे असताना निघून जाणं वेगळं. माझा पाय पेडलवरच होता. सलीमभाईसुद्धा चष्मा पुसत होते. साहेबांना आमच्यातला सगळ्यात मऊ माणूस माहीत होता. ते म्हस्केभाऊंजवळ गेले.

“म्हस्के, तुम्ही सुरुवात करा. तुम्हांला तर आता घाई नाही.”

म्हस्केभाऊंनी प्रेसचं बटण बंद केलं. चाक फिरत फिरत थांबेपर्यंत ते तिथंच उभे राहिले. मग म्हणाले, “नाय साहेब.”

साहेबांना खरंच आश्चर्य वाटलं. ते दुष्टपणानं म्हणाले नाहीत, हे मी मुद्दाम सांगतो. ते म्हणाले, “अहो, पण घरी आता कोण आहे तुमच्या?”

“कोनी नाय साहेब.”

“मग?”

“सुट्टी झाली साहेब.”

आवाज इतका बारीक होता की साहेबांनी “काय?” म्हणून पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. मग ते नळावर गेले आणि साबण लावून हात धुतले. सावकाश, कोपरापर्यंत. त्यांना असे हात धुताना मी प्रथमच पाहिलं. सलीमभाई मुकाट्यानं त्यांच्या मागं जाऊन उभे राहिले, मग मी.

मी बाहेर आलो तेव्हा ते गेटापाशी सायकलवर चढायचा प्रयत्न करत होते. पाय इतके कापत होते की पेडल सापडत नव्हतं. दोनदा घसरले. शेवटी त्यांनी नाद सोडला, हँडल धरलं, आणि सायकल हातात घेऊन भर उन्हात पुंडलिकनगरच्या रस्त्याला लागले. थोडं पुढं जाऊन, आपल्या मागं कुणी येतंय का, हे त्यांनी वळून पाहिलं. कुणी येत नव्हतं. ते तसेच चालत घरी गेले.